‘दोन टक्क्यानं काय हुतंय?’ : पेन्शनच्या पुंजीतली न दिसणारी कपात



उसाचे बिल हाती पडले की आपला सभासद वरचा मोठा आकडा वाचत बसत नाही. तो खालच्या ओळी वाचतो. सोसायटीचे किती वळते झाले, पाणीपट्टी किती गेली, शेअरपोटी किती धरले, ठेव किती कापली आणि शेवटी पदरात काय पडले. टनामागे पाच रुपये कपात वाढली तर वार्षिक सभेत माइक हातात घेऊन संचालकांना उभे करणारे सभासद आपल्याकडे थोडे नाहीत. काट्यावर गाडी लागली की डोळ्यात तेल घालून उभे राहणारे तर घरोघर आहेत. ही सवय चांगली आहे. सहकार या सवयीवरच टिकला, असे आमचे मत आहे.

हाच सभासद म्हातारपणासाठी चार पैसे बाजूला टाकायला निघतो तेव्हा मात्र कपातीचा शब्दही काढत नाही. ‘किती मिळणार?’ एवढेच विचारतो. ‘मधे किती जाणार?’ हे विचारायचे राहून जाते. त्याविषयी या अंकात थोडे विस्ताराने लिहावे असे आम्ही ठरवले आहे.

विषयाला निमित्त आहे. बिले जमा व्हायला लागली की पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात माणसे वाढतात, तसे कागदाची पिशवी काखेत मारून फिरणारेही वाढतात. किणी, घुणकी, भादोले, लाटवडे, तळसंदे, कुठल्याही गावी जा, चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी पेन्शनची योजना समजावून सांगत असतो. बहुतेक वेळा तो परका नसतो. पाहुण्यांतला असतो, भाच्याचा मित्र असतो. एखाद्या वडीलधाऱ्याने चुकून विचारलेच, की बाबा यात तुमचा खर्च किती, तर उत्तर ठरलेले: ‘मामा, दोन टक्क्यानं काय हुतंय? शंभरातलं दोन रुपयं!’ मामाला ते पटते. शंभरात दोन म्हणजे खरोखरच काही नाही. बाजारात आडत याहून जास्त जात आली आहे.

पण आडत आणि ही कपात यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सगळा लेख त्या एका फरकावर उभा आहे. आडत माल विकला की एकदा जाते. पेन्शन फंडाची फी दरवर्षी जाते. तीही त्या वर्षी भरलेल्या पैशावर नव्हे, तर आजवर साठलेल्या सगळ्या ढिगावर. गुळाच्या व्यापाऱ्याने यंदाच्या रव्यांवर आडत घेतली, आणि पुढल्या वर्षी त्याच रव्यांवर पुन्हा घेतली, तिसऱ्या वर्षी पुन्हा, तर आपण त्याला पेढीवर बसू देऊ काय?

आता हिशेब मांडू. समजा एका तिशीतल्या सभासदाने दरवर्षी बिल आल्यावर १२,००० रुपये पेन्शनसाठी टाकले. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे, त्या मानाने हे साडेतीन टनांच्या आतबाहेरचे पैसे झाले. आपल्या भागात उतारा जास्त, म्हणून दरही त्याहून जास्त पडतो, आणि तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते, हे सभासदांना सांगायला नको. तीस वर्षे त्याने असे पैसे टाकले. एकूण भरणा ३ लाख ६० हजार. फंडाला दरसाल ८ टक्के मिळाले असे धरू. ते मिळतीलच असे कोणी सांगू शकत नाही. हिशेबाला एक आकडा लागतो म्हणून धरला.

काहीच फी नसती तर तीस वर्षांनी १३ लाख ५९ हजार झाले असते. फी वर्षाला २ टक्के असेल तर वाढ ८ ऐवजी ६ टक्क्यांनी होते, आणि हाती येतात ९ लाख ४९ हजार. फरक ४ लाख १० हजार रुपयांचा! म्हणजे सभासदाने तीस वर्षांत घाम गाळून जेवढे भरले, त्याहून पन्नास हजार जास्त नुसत्या ‘दोन टक्क्यां’त गेले. वरच्या दराने पाहिले तर हा ११५ टन ऊस झाला. एकरी चाळीस टन धरले तरी जवळजवळ तीन एकरांचा अख्खा फड.

टक्क्याचा शब्द इथेच फसवतो. दोन टक्के म्हणजे मुदलाच्या शंभरातले दोन. पण आपल्याला मिळणार असते ती वाढ, आणि वाढ शंभरात आठच असते. आठातले दोन गेले म्हणजे पहिल्याच वर्षी चौथाई गेली. पुढे त्या गेलेल्या दोनावर जे व्याज मिळाले असते तेही गेले, आणि त्या व्याजावरचे व्याजही. आपल्या उदाहरणात एकूण वाढ १० लाखांची व्हायची होती, त्यातले ४ लाख १० हजार कमी झाले. शंभरात एक्केचाळीस. कारखान्याने उताऱ्यातला एवढा वाटा मधेच गायब केला असता तर गेटसमोर काय झाले असते, याची कल्पना सभासदांनीच करावी.

आणखी एक गंमत आहे. पहिल्या काही वर्षांत ढीग लहान असतो, म्हणून फीही लहान दिसते. दोनशे, पाचशे, हजार. कोणी मनावर घेत नाही. पंचविसाव्या वर्षापासून मात्र त्या वर्षाची फी त्या वर्षाच्या भरण्यापेक्षा जास्त होते. तिसाव्या वर्षी सभासद १२,००० रुपये भरतो आणि फंड साडेसतरा हजार कापून घेतो. म्हातारपण दाराशी आलेले असताना ओतायचे भांडे लहान आणि गळायचे भोक मोठे, अशी अवस्था होते.

ज्यांना आडत परवडते पण ही फी का परवडत नाही हे अजून पटले नसेल त्यांच्यासाठी एकच आकडा देतो. भरलेल्या प्रत्येक हप्त्यातून एकदाच, सुरुवातीलाच, चांगले पाच टक्के कापले आणि पुढे काहीच घेतले नाही, तर तीस वर्षांनी १२ लाख ९१ हजार येतात. सुरुवातीला काहीच न कापता वर्षाला फक्त एक टक्का घेतला तर ११ लाख ३३ हजार. एकदाचे पाच परवडले, पण दरसालचा एक नको. वडगावच्या बाजारात हा प्रश्न विचारून पाहा, दहांपैकी नऊ जण उलटे उत्तर देतील. आमच्या कार्यालयातही तेच झाले.

मग ही कपात आपल्या नजरेला का पडत नाही? कारण ती बिलात छापलेली नसते. उसाच्या बिलात आधी दर सांगतात, मग वजावट दाखवतात. फंडात फी वजा करूनच भाव जाहीर होतो. सभासदाला कागदावर दिसते ती वाढच. किती वाढायचे होते ते दिसत नाही. शिवाय खिशातून नोट काढून द्यावी लागत नाही. दरवर्षी दारात येऊन कोणी ‘मामा, आठ हजार द्या’ म्हणाला असता तर मामाने काठी उचलली असती.

आता स्वस्त आणि महाग अशा दोन योजनांची गोष्ट. ती आपल्याच देशात, एकाच काळात घडली आणि तिच्यातून बरेच कळते.

केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून नव्या नोकरदारांसाठी राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे ज्याला सगळे एनपीएस म्हणतात ती, सुरू केली. १ मे २००९ रोजी ती सर्वांना खुली झाली, शेतकऱ्यालाही. त्या वेळी फंड सांभाळण्याची फी होती ०.०००९ टक्के. लाख रुपयांमागे वर्षाला ९० पैसे! एवढ्यात काडेपेटी येत नाही. जगातल्या अतिशय स्वस्त पेन्शन योजनांत तिची गणना झाली, आणि ते खोटे नव्हते.

पण लहान माणसाच्या बाबतीत एक पाचर होती. फंडाची फी नगण्य असली तरी खाते सांभाळण्याचे ठोक शुल्क वेगळे होते. वर्षाला ३५० रुपये खात्याचे. शिवाय प्रत्येक भरण्याला १० रुपये नोंदीचे आणि २० रुपये बँकेचे. त्या वेळच्या नियमाने वर्षाला किमान ६,००० रुपये, निदान चार हप्त्यांत भरायचे होते. जो एवढेच भरू शकत होता त्याचे वर्षाला ४७० रुपये गेले. म्हणजे पावणेआठ टक्के. पहिल्या वर्षी खाते उघडायचे ९० रुपये धरले तर नऊ टक्क्यांच्या वर. लाख रुपये भरणाऱ्याला मात्र तेच ४७० रुपये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ठोक शुल्काचा स्वभावच असा असतो. दहा टनांच्या ट्रॉलीला आणि डोक्यावरच्या मोळीला एकच जकात लावली तर मोळीवाला मरणार.

ही तक्रार बरोबर होती, आणि सरकारला तिची दखल घ्यावी लागली. २०१० मध्ये लहान बचतदारांसाठी एनपीएस-लाइट आली, शुल्क उतरले. त्याच वर्षी ‘स्वावलंबन’ आली. वर्षाला हजार ते बारा हजारांपर्यंत भरणाऱ्याच्या खात्यात सरकार हजार रुपये घालायचे. २०१५ मध्ये तिची जागा अटल पेन्शन योजनेने घेतली. एनपीएसचा किमान वार्षिक भरणा २०१६ मध्ये ६,००० वरून १,००० वर आला. इतके सगळे झाले, तरी गावात एनपीएसचे नाव कोणी घेईना. कारण सोपे आहे. एका भरण्यामागे वीस रुपये मिळणार असतील तर उन्हातान्हात घुणकीपर्यंत मोटारसायकल कोण दामटील?

त्याच काळात दुसरी एक योजना मात्र दारोदार जात होती. विमा आणि शेअरबाजार एकत्र बांधलेली, युलिप नावाची. तिच्यात पेन्शनचा प्रकारही होता. २०१० पूर्वीच्या काही योजनांत पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, खर्च म्हणून उडून जायचा. त्यातला मोठा भाग विकणाऱ्याच्या कमिशनचा. पंचवीस हजारांचा हप्ता भरणाऱ्याच्या नावावर सोळा-सतरा हजारच कामाला लागायचे. ‘तीन वर्षं भरा, मग नाही भरलं तरी चालतंय’ असे सांगून विक्री व्हायची. नेमका तोच सल्ला सर्वांत घातकी होता. कारण मोठी कपात पहिल्या दोन-तीन वर्षांत होऊन गेलेली असायची, आणि पुढली स्वस्त वर्षे सुरू व्हायच्या आत सभासद बाहेर. बाहेर पडलेल्या पैशाची पुन्हा नवी पॉलिसी. पुन्हा पहिले वर्ष, पुन्हा तिसरा हिस्सा. लावणीचा खर्च करायचा आणि खोडवा न घेताच रान नांगरून टाकायचे, असा हा व्यवहार.

या प्रकरणी २००९ मध्ये धीरेंद्र स्वरूप यांच्या समितीने अशी शिफारस केली होती की एप्रिल २०११ पर्यंत विक्रीवरचे कमिशनच बंद करावे. म्युच्युअल फंडांत सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून प्रवेशाच्या वेळची २.२५ टक्क्यांपर्यंतची कपात बंद केलीच होती. विम्यात ते झाले नाही. ९ एप्रिल २०१० रोजी सेबीने चौदा विमा कंपन्यांना युलिप विकण्यास मनाई केली, विमा नियामकाने उलट आदेश काढला, आणि शेवटी जूनमध्ये केंद्राला वटहुकूम काढून भांडण मिटवावे लागले. युलिप विमा नियामकाकडेच राहिली. १ सप्टेंबर २०१० पासून मात्र नियम कडक झाले. पाच वर्षे पैसे अडकून राहतील, आणि दहा वर्षांवरच्या योजनेत सगळे खर्च मिळून परतावा २.२५ टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये, असे ठरले. वर आम्ही दोन टक्क्यांचा हिशेब मांडला तो हवेतला नव्हता, हे यावरून ध्यानात यावे. एवढी कपात नियमात बसत होती.

मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस या तीन अभ्यासकांनी पुढे अंदाज काढला. २००४-०५ ते २०११-१२ या काळात अशा चुकीच्या विक्रीमुळे आणि मधेच बंद पडलेल्या पॉलिसींमुळे देशातल्या बचतदारांचे सुमारे दीड लाख कोटी रुपये बुडाले. त्यात आपल्या वारणाकाठचे किती होते हे कोणी मोजलेले नाही. पण प्रत्येक गावात दोन-चार घरे सांगायला आहेत.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे: जी योजना आपल्या दारात चालत येते तिच्या चालण्याचा खर्च आपणच देत असतो. स्वस्त योजना चालत येत नाही, तिच्याकडे आपल्याला जावे लागते. एजंट वाईट माणूस असतो असे आम्ही म्हणत नाही. त्यालाही घर आहे, आणि पटवून सांगणारा कोणी नसता तर कित्येकांनी एक पैसाही बाजूला टाकला नसता, हेही खरे. कामाचे दाम द्यावे. ते किती आहे आणि किती वर्षे द्यायचे आहे, हे आधी कळावे, इतकेच. म्युच्युअल फंडात १ जानेवारी २०१३ पासून एकाच फंडाला दोन दरवाजे केले आहेत. एक मध्यस्थामार्फत आणि एक थेट. थेट दरवाजाची फी कमी असते. सल्ला हवा असेल तर पहिल्याने जा, नको असेल तर दुसऱ्याने. पण दुसरा दरवाजा आहे हे पहिल्या दरवाजावरचा माणूस सहसा सांगत नाही.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे आहे असे नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने १९८१ मध्ये कामगारांची पेन्शन खासगी कंपन्यांकडे दिली. पुढल्या दशकात कंपन्यांच्या विक्रेत्यांची फौज उभी राहिली. भेटवस्तू देऊन ते कामगारांना एका कंपनीतून दुसरीत ओढू लागले, आणि त्या भेटींचा खर्च कामगारांच्याच फीमधून निघाला. अखेर २००८ च्या कायद्याने चिलीने एक शहाणपण केले. कमीत कमी फी सांगणाऱ्या कंपनीला नवे कामगार द्यायचे, बोली लावून. आपण वाहतुकीचे टेंडर काढतो तसे. २०१० मध्ये पहिली बोली झाली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१५ पासून नोकरदारांना आपोआप ज्या फंडात घालतात त्याची फी वर्षाला ०.७५ टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही असा नियम झाला. म्हणजे जिथे लोक लिहिते-वाचते, जिथे पेन्शन शंभर वर्षांची, तिथेही सरकारला काटा तपासायला उभे राहावे लागले.

आपल्या सभासदाने काय पाहावे? सगळ्या योजना इथे तोलणे शक्य नाही, आणि कारखाना कोणाचीही शिफारस करत नाही. पण ऊस उत्पादकाच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, आणि त्या सहसा कोणी सांगत नाही.

पहिली म्हणजे आपली कमाई महिन्याची नाही. नोकरदाराला दरमहा ५०० रुपये सोयीचे पडतात. आपले पैसे गळीत हंगामाबरोबर येतात. एनपीएसमध्ये बँकेतून भरणा केला तर २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे बँक अर्ध्या टक्क्यापर्यंत घेऊ शकते, पण कमीत कमी ३० रुपये. आता पाहा. ५०० रुपयांचे बारा हप्ते भरले तर तीस-तीस करून ३६० रुपये जातात. सहा हजारांवर सहा टक्के. तेच सहा हजार बिल आल्यावर एकदम भरले तर तीस रुपये. काम तेच, पैसे तेच, खर्च बारावा हिस्सा. आपल्या घरचा जो मुलगा मोबाईलवर व्यवहार करतो त्याच्याकडून ऑनलाइन खाते उघडून घेतले तर याहूनही कमी पडते. फंड सांभाळण्याची फीदेखील आता ९० पैशांची राहिलेली नाही. २०२१ मध्ये तिची मर्यादा वाढवून ०.०९ टक्क्यांपर्यंत नेली, म्हणजे लाखाला ९० रुपये. शंभरपट! तरीही आपल्या उदाहरणातल्या सभासदाला ०.१ टक्क्याने तीस वर्षांत साधारण पंचवीस हजारांचाच फटका बसतो. चार लाखांचा नव्हे. पण इथेही झोपून चालणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीएसमध्ये जो नवा बहु-योजना प्रकार आला त्यात फी ०.३० टक्क्यांपर्यंत घेण्याची मुभा दिली गेली. नाव एनपीएसच, पण फी तिप्पट. दर बदलत राहतात, म्हणून भरण्याच्या दिवशी चालू दरपत्रक मागून घ्यावे.

अटल पेन्शनचे वेगळे आहे. तिथे साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपयांची हमी सरकारची आहे, त्यामुळे मधल्या खर्चाने हमीचा आकडा घटत नाही. तिशीत नाव घालणाऱ्याला पाच हजारांसाठी महिना ५७७ रुपये पडतात. चाळिशीनंतर दार बंद, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला प्रवेश नाही. इथे आपल्याला खाते तो दंड. खात्यात पैसे नसताना हप्त्याची तारीख आली की शंभराला महिना एक रुपया जास्तीचा बसतो. बिल थकले, हप्ता चुकला, दंड लागला, असे वर्षानुवर्षे चालते. यावर उपाय योजनेतच आहे. हप्ता दरमहा न ठेवता सहामाही ठेवता येतो. खाते उघडताना आपण सांगितले नाही तर बँक दरमहाच लावते.

दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली किसान मानधन योजना आहे. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये आपण भरायचे, तेवढेच केंद्र घालते, साठीला महिना ३,००० रुपये. यात फीचा भुर्दंड आपल्यावर नाही. पण दुसरा एक चोर आहे त्याचे नाव घ्यायला हवे: महागाई. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या तीन हजारांना आजच्या सव्वापाचशेची किंमत राहील. अटलच्या पाच हजारांचेही त्याच मापाने पावणेनऊशे होतील. घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. सरकार आपल्याइतकेच घालते आहे, सोडायचे कशाला? त्यावर म्हातारपण निघेल या भरवशावर मात्र राहू नये.

काही जण म्हणतील, आम्हाला कशाला पेन्शन, रान आहे की. रान आहे, पण आजोबांचे आठ एकर चुलत्यांत वाटून कोणाकडे दीड राहिले, कोणाकडे तीस गुंठे. साठीनंतर फडात उतरणे होत नाही, वाट्याने दिले तर अर्धे जाते. आणि घरधनी गेल्यावर सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माऊलीचे काय होते ते आपण गावोगाव पाहतो. तेव्हा कोणतीही योजना घेताना आपल्या माघारी पत्नीला काय मिळणार, आणि वारसाची नोंद झाली की नाही, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. कित्येक फॉर्मांत तो रकाना कोराच सुटतो.

राहिला प्रश्न ज्यांनी आधीच पॉलिसी घेऊन ठेवली आहे त्यांचा. आमच्याकडे सर्वांत जास्त विचारणा याचीच होते. नुकतीच घेतली असेल तर २०२४ पासूनच्या नियमाने कागदपत्रे हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. तीस दिवस उलटले असतील तर रागाच्या भरात मोडू नये. जी कपात होऊन गेली ती मोडली तरी परत येत नाही. बेणे, लागण, पहिले खत यांचा खर्च होऊन गेलेला असतो. पाहायचे ते इथून पुढे. कंपनीकडे लेखी मागा: आज मोडली तर किती, पुढे न भरता तशीच ठेवली तर मुदतीअंती किती, आणि भरत राहिले तर पुढल्या वर्षांची फी दरसाल किती. हे तीन आकडे मिळाले की निर्णय कागदावर आपोआप दिसतो. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पारंपरिक पॉलिसींना एक वर्षाचा हप्ता पूर्ण भरला असेल तरी काही रक्कम परत मिळू शकते. त्याआधी दोन वर्षांच्या आत मोडणाऱ्याला बहुधा काहीच मिळत नसे. आणि ‘ही मोडा, हिच्यापेक्षा चांगली देतो’ असे सांगणारा भेटला, तर नवीच्या पहिल्या वर्षाची कपात किती, ते आधी त्याच्याकडून त्याच्या सहीनिशी लिहून घ्या. तोंडी आकडा धरू नका.